केबिनमधली फळी

आमच्या पिकअपची क्लीनर साइडची, म्हणजे ड्रायव्हरशेजारची, सीट कुत्र्यासाठी काढली, असं आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल आमचं कौतुकही झालेलं आहे. खरं असं आहे की ती सीट मी माझ्या वडलांमुळे काढली. ते माझ्या शेजारी बसू नयेत म्हणून काढली. कुत्र्याची सोय हे फक्त लोकांना सांगायला झालं. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. पन्नाशी उलटून गेल्यावर आता लिहायला बसलोय.

माझा धंदा उसाच्या रोपांचा. भवानीनगरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची रोपवाटिका आहे. उसाच्या कांडीवरचा डोळा काढायचा, तो ट्रेमध्ये लावायचा, हिरव्या जाळीखाली वाढवायचा आणि रोप वीतभर झालं की शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन द्यायचं. ऊन तापायच्या आत रोपं पोचली पाहिजेत, नाहीतर शेंडे माना टाकतात. भाड्याच्या गाड्या वेळेवर येत नाहीत म्हणून मी पिकअप घेतली, मागच्या हौद्यात ट्रे ठेवायला लोखंडी मांडणी करून घेतली आणि इकडे इंदापूर, तिकडे सोमेश्वरनगर अशी रोपं पोचवायला लागलो.

गाडीची पूजा झाली, नारळ फुटला आणि वडील आपसूक पुढं जाऊन बसले. कुणी या म्हणालं नव्हतं, कुणी नको म्हणायचा प्रश्नही नव्हता. आमच्याकडे गाडी कुणाचीही असो, ड्रायव्हरच्या शेजारची जागा घरातल्या मोठ्या माणसाची. पांढरी टोपी, धोतर, दोन गुडघ्यांमध्ये काठी. त्या दिवसापासून ते रोज येत राहिले.

वडलांना सगळे आबा म्हणायचे, आम्हीही. ते साखर कारखान्यात चिटबॉय होते. कुणाचा ऊस कधी लागला, कुणाचा कधी तुटायला येईल, हे बघत सायकलवरून गावोगाव हिंडणारा माणूस म्हणजे चिटबॉय. निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं ते घरात बसून होते. चिडचिड करायचे, आईच्या स्वयंपाकात लक्ष घालायचे, भाजी चिरलेली पसंत पडायची नाही. पिकअप आली आणि ते पुन्हा आपल्या गावांमधून फिरायला लागले. कन्हेरीत गाडी शिरली की रस्त्याच्या कडेचं माणूस हात वर करायचं, ते मला नव्हे. आबा खिडकीतून डोकं काढून विचारायचे, "काय तात्या, खोडवा मोडला का न्हाय अजून?" की तात्या हातातलं काम टाकून गाडीपाशी यायचे. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक; तो मोडला की नवी रोपं लागतात. माझं निम्मं गिऱ्हाईक अशानंच जमलं. हे मी तेव्हाही जाणून होतो. जाणून होतो म्हणूनच कदाचित जास्त टोचायचं.

कुत्रा आमचा नव्हता. डोळे काढायला येणाऱ्या बायकांच्या मागोमाग तो रोपवाटिकेत आला. बायकांचं काम संपलं, त्या गेल्या, हा राहिला. तांबूस रंगाचा, एका कानाचा लचका गेलेला. मी हाकलायला लागलो तर आबा म्हणाले, पाव्हणा आलाय, ऱ्हाऊ दे की दोन दिवस. तेव्हापासून त्याला पाव्हणा हेच नाव पडलं. दुसऱ्याच आठवड्यात तो आबांबरोबर गाडीत चढला आणि त्यांच्या पायांपाशी वेटोळं करून बसला. केबिनमध्ये आम्ही तिघं झालो.

आता मला ते बरोबर का नको होते हे सांगायला हवं. कारणं फार मोठी नाहीत. मोठी असती तर बरं झालं असतं.

एक कारण त्यांची बडबड. प्रत्येक बांधावर, प्रत्येक चहाला, ते माझी एक गोष्ट सांगायचे. "ह्यो बारावीला दोनदा बसला. तिसऱ्या बारीला म्या म्हणलं, आता तू ऱ्हा घरी, मीच बसतो. एकाचा तरी नंबर लागंल." लोक खदाखदा हसायचे. मीही हसायचो. ही गोष्ट ते माझ्या लग्नात बोलले होते, माझ्या मुलीच्या बारशालाही बोलले होते. त्यांच्या मनात काही नसायचं. पोरगं आता धंद्याला लागलंय, चार माणसांत बसतंय, हेच त्यांना त्यातून सांगायचं असायचं, हे आज कळतं. तेव्हा मी गाडीच्या टायरला लाथ मारत बसायचो.

दुसरं कारण त्यांची लघवी. लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं कारण आहे. वयानुसार त्यांना तो त्रास सुरू झाला होता, गोळ्या चालू होत्या. भवानीनगरहून निघालो की बारामती येईपर्यंत दोनदा तरी थांबावं लागायचं. ते काठी टेकत उसाच्या आडोशाला जायचे, पाव्हणा त्यांच्यामागं जाऊन उभा राहायचा, आणि दोघं सावकाश परत यायचे. मी गाडी बंद करायचो नाही. तिथंच उभी ठेवून रेस करत राहायचो, म्हणजे त्यांना घाई व्हावी. धोतर सावरत ते लगबगीनं यायला बघायचे. मी आरशातून ते बघायचो आणि आणखी रेस करायचो.

एकदा सोमेश्वरनगरच्या बाजूला रोपं घेऊन निघालो होतो. कारखान्याचा सीझन भरात होता. पुढं उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करायला जागा नाही. सकाळीच एका नव्या गिऱ्हाइकापुढं, बँकेत मोठ्या जागेवर असलेल्या माणसापुढं, आबांची बारावीची गोष्ट सांगून झाली होती. आबा म्हणाले, जरा थांबव. मी म्हटलं, आत्ताच थांबलो होतो. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "जरा बाजूला घे लेका." बाजूला घेता येत होतं. एक पेट्रोल पंप गेला, तो मी बघितला. पुढं एका मळ्याचा रस्ता आत वळत होता, तोही बघितला. मी म्हटलं, रोपं सुकतील, दम धरा.

ते गप्प झाले. आबा गाडीत कधी गप्प बसत नसत. खालून कुत्र्यानं मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा मला कळलं.

शेतकऱ्याकडे पोचलो तेव्हा आबा खाली उतरले नाहीत. गुडघा धरलाय म्हणाले. तो शेतकरी त्यांचा जुना ओळखीचा, त्यानं ओढून ओढून आग्रह केला, घरात चला, म्हातारी वाट बघतीय. आबा हसून नको म्हणत राहिले. शेवटी चहा गाडीपाशी आला. टॉवेल मांडीवर पसरून घेतला होता. मी ट्रे उतरवत होतो आणि एकदाही त्यांच्याकडे गेलो नाही. तिथं बारावीची गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

घरी आल्यावर मी पाइप लावून सीट धुवायला घेतली. अंगणात, सगळ्यांच्या देखत. मागं नेऊन गुपचूप करता आलं असतं. आई बाहेर आली आणि विचारायला लागली, अवेळी काय धुतोयस. आबा फाटकापाशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांना अंघोळीला आत जायचं होतं, पण आई दारात होती.

मी म्हणालो, कुत्र्यानं घाण केली.

आबा न वळता म्हणाले, "व्हय. त्यानंच."

मग आईनं एक वाक्य टाकलं. सहज. ती अशी दिवसातून पन्नास वाक्यं टाकायची. "मग त्या कुत्र्याची येगळी सोय करा की. माणसाच्या जागंवर कशाला घेता त्याला."

या वाक्यानं मला वाट दाखवली असं मी पुढं स्वतःला समजावत राहिलो. तसं नव्हतं. वाट मी आधीपासून शोधतच होतो. सरळ माणसानं कुत्र्याला घरी ठेवलं असतं, किंवा हौद्यात एका कोपऱ्यात बांधलं असतं. मी दोन दिवसांनी गाडी घेऊन बारामतीला गेलो, एमआयडीसीकडे गाड्यांच्या बॉडीचं काम करणारा एक मिस्त्री आहे त्याच्याकडे. हौद्यातली मांडणी त्यानंच केली होती. ते काम चालू होतं तेव्हा आबा तिथं स्टुलावर बसून त्याला उसाच्या गोष्टी सांगायचे, आणि तो वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून ऐकत राहायचा.

मी त्याला सांगितलं, ही सीट काढायची आणि कुत्र्यासाठी फळी बसवायची. त्याला मजा वाटली. टेप घेऊन केबिनमध्ये शिरला. काम कसं करायचं हे आमचं दोघांचं बोलता बोलता ठरलं. खाली अँगलची चौकट, तिच्यावर पाण्यानं न फुगणारं प्लायवूड, वर रबराची मॅट. ब्रेक मारला तर कुत्रा घसरून पुढं आपटू नये म्हणून तिन्ही बाजूंनी बोटभर उंच काठ. गिअरच्या बाजूला पत्र्याची आडभिंत, म्हणजे त्याचा पाय गिअरला लागणार नाही. पट्टा अडकवायला मागं एक कडी, पण गळ्याच्या पट्ट्याला नाही अडकवायचं, छातीच्या पट्ट्याला, नाहीतर फास बसतो, हे मिस्त्रीनं सांगितलं. खिडकीला निम्म्यापर्यंत जाळी. आणि एका कोपऱ्यात भोक, धुतलेलं पाणी खाली निघून जायला. ते भोक मी सांगितलं.

फळीच्या उंचीवर तो अडला. मी म्हणत होतो, खिडकीतून बाहेर दिसेल एवढी उंच पाहिजे. त्यानं हात लावून दाखवलं की एवढी उंच केली तर वर माणसाचं डोकं टपाला लागतं.

"माणूस बसायचाच नाही," मी म्हणालो.

तो टेप गुंडाळत थांबला. "आन आबा?"

"आबांनीच सांगितलंय. त्यांना आता गाडीत दगदग होते."

मिस्त्रीनं थोडा विचार केला. "मालक, असं करू. बिजागऱ्यावर करतो. आबा आलं की फळी उभी करायची आन बसायचं, न्हाय आलं की पाडायची. सीट बी ऱ्हाती. मला काय, दोन तास जास्ती लागतील."

मला नाही म्हणायला वेळ लागला नाही. मी म्हणालो, पक्कीच करा, बिजागऱ्या खडखडतात.

त्यानं पक्कीच केली. आबांचा शब्द आहे म्हणून त्यानं जीव ओतून केली. काठांना पॉलिश मारलं, कोपरे गोल घासले. चढायला दाराखाली एक पायरी जास्तीची लावून दिली आणि म्हणाला, ही माझ्याकडनं, पाव्हण्याला. काढलेली सीट तिथंच भिंतीला टेकवून ठेवली होती. नेता का म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, कुणाला लागली तर दे. तिच्यावर आबांच्या पाठीचा खळगा पडलेला होता.

घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर होते. ते उठून गाडीपाशी आले. दार उघडलं. फळीवर तळहात ठेवून दाबून बघितलं, काठावरून बोट फिरवलं, कडी ओढून बघितली. मग कोपऱ्यातल्या भोकात करंगळी घातली.

"पानी जायाला भोक बी ठेवलंय," ते म्हणाले. "झ्याक केलंयस."

एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रे भरत होतो तेव्हा ते नेहमीसारखी टोपी घालून फाटकाशी आले. सवयीनं आले असतील. कुत्रा फळीवर चढेना. जमिनीवर बसून राहिला आणि आबांकडे बघत राहिला, की तुम्ही आधी चढा. मी ओढलं, ढकललं, तो गुरगुरला. आबा आले, काठी दाराला टेकवली, फळीवर हात थोपटला आणि म्हणाले, "चल पाव्हणं. ही आता तुजी जागा. बस." तो चढला. आबांनी स्वतःच्या हातानं पट्टा कडीला अडकवला आणि दार लावलं. मी निघालो. आरशात बघितलं नाही.

पुढचं सगळं मिस्त्रीच्या तोंडून पसरलं. आबांनी आपली जागा कुत्र्याला दिली. रस्त्यात कुणीतरी खिडकीतून डोकं काढून बसलेल्या पाव्हण्याचा व्हिडिओ काढला, तो फिरला. इंदापूरच्या बाजारात माणसं गाडी थांबवून कुत्र्याला बिस्किटं द्यायला लागली. आबांबद्दल विचारायची. काय माणूस, राजा माणूस, मुक्या जनावरासाठी एवढं करतं कोण. मी मान हलवायचो. एक-दोघं घरी येऊन आबांना नमस्कार करून गेले. आबा म्हणाले, व्हय, म्याच सांगितलं. आपल्याला आता कुठं होतंय फिरणं.

त्यांनी माझं खोटं एकदाही उघडं पाडलं नाही. त्यांचं ते सांभाळून घेणं मला रागावल्यासारखंच वाटायचं. एकदा तरी ओरडायला हवं होतं.

आईला मात्र राग आला, आणि तो त्यांचाच आला. आबा दिवसभर घरात बसायला लागले, पुन्हा भाजी चिरण्यात लक्ष घालायला लागले, आणि आई त्यांना बोलायला लागली. कुत्र्याला गादी दिली आणि आता माझ्या चुलीपाशी येऊन बसताय. दानशूर कर्ण. तुमाला कुणी सांगितला हुता थोरपणा. मी जेवत असायचो, समोरच. मान खाली घालून भाकरी मोडत राहायचो.

एकदा दुपारी मी जाळीखाली ट्रेला पाणी देत होतो. तिथून अंगण दिसतं, अंगणातून आत दिसत नाही. पिकअप लिंबाखाली उभी होती. क्लीनर साइडचं दार उघडं होतं आणि कुत्रा खाली मातीत बसून वर बघत होता. फळीवर आबा बसले होते. मांडी घातलेली, कारण पाय सोडायला जागाच नव्हती. टोपी काढून हातात धरली होती आणि मान पुढं वाकवली होती, कारण डोकं टपाला लागत होतं. तसेच समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. समोर काय, आमची विहीर आणि पलीकडे ऊस. बराच वेळ बसले होते. माझ्या हातातली झारी रिकामी झाली होती तरी मी ती धरूनच उभा होतो. मला तिथून बाहेर पडून त्यांच्यापाशी जाता येत होतं. चार ढांगांचं अंतर. आबा उतरून घरात जाईपर्यंत मी थांबलो आणि मग झारी पुन्हा भरली.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, कन्हेरीला रोपं कधी जाणार. मी म्हटलं, परवा. ते म्हणाले, तितला एक खोडवा बघायचा हुता.

"जागा कुठाय आबा गाडीत."

"मागं बसंन की मी. ट्रेच्या कडंला. माणसं बसत्यात की."

मी म्हणालो, लोक काय म्हणतील, बापाला हौद्यात बसवून कुत्र्याला पुढं घेतलंय. त्यावर ते हसले. खरंच हसले, पोट हलवून. "त्ये बी खरंच हाय," म्हणाले. पुन्हा त्यांनी कुठं जायचं नाव काढलं नाही.

उन्हाळ्यात त्यांना ताप आला, तो छातीत उतरला. बारामतीला दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा शेजाऱ्याची गाडी बोलवावी लागली. आमच्या गाडीत कुत्र्याची जागा होती. शेजारी मळ्यात होता, त्याला यायला वेळ लागला. तेवढ्यानं काही फरक पडला नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मी ते धरून ठेवलं आहे. दवाखान्यात ते आठवडाभर होते. शुद्धीत असायचे तेव्हा रोपांचं विचारायचे. एकदा मी एकटाच होतो, ते जागे होते आणि माझ्याकडे बघत होते. तोंडाशी आलं होतं. मी विचारलं, पाणी देऊ का. त्यांनी मान हलवली. मी पाणी दिलं.

दहाव्याला नीरेच्या काठावर गेलो. पिंड ठेवला आणि मागं सरकून बसलो. कावळे होते, बाभळीवर चार-पाच बसलेले, पण एक खाली येईना. आमच्याकडे मग सुरू होतं ते सुरू झालं. गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ते एकेकानं हात जोडून मोठ्यानं बोलायचं, वचन द्यायचं, आणि कावळ्याकडे बघायचं. माझा चुलता म्हणाला, वैनीला काय कमी पडू देणार न्हाय. कावळा हलला नाही. मेहुणा म्हणाला, भाचीचं शिक्षण पुरं करू. कुणी विहिरीचं बोललं, कुणी गावच्या देवळाच्या कामाचं. ऊन वर चढलं. ब्राह्मण घाई करायला लागला, दर्भाचा कावळा करू म्हणाला. तेवढ्यात मागून मिस्त्री पुढं आला. बारामतीहून मुद्दाम आला होता बिचारा, डोळे पुसत होता.

"दादा, कुत्र्याचं बोला," तो म्हणाला. "त्येंचा जीव तितं हुता. त्येची जागा काढनार न्हाय म्हना."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. मी कावळ्याला मानत नाही, पण त्या क्षणी ते वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं, आबा, तुमची जागा परत बसवतो. ते बोललो असतो तर लोकांनी विचारलं असतं, कुठली जागा, त्यांनी तर स्वतःच सोडली होती. मग सांगावं लागलं असतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "आबा, पाव्हण्याला शेवटपर्यंत पुढं बसवून फिरवीन. त्याची फळी काढणार नाही."

कावळा आला. बोललो आणि लगेच आला, जणू तेवढ्यासाठीच अडला होता. बायका रडायला लागल्या. मिस्त्रीनं मला मिठी मारली. बघा, कुत्र्यातच जीव हुता, असं सगळे एकमेकांना सांगत होते. मी त्या कावळ्याकडे बघत राहिलो. भूक लागली असेल त्याला, दुसरं काय.

त्यामुळे ती फळी आता काढता येत नाही. पन्नास माणसांच्या साक्षीनं दिलेला शब्द आहे. कुत्रा अजून रोज माझ्या शेजारी बसतो, म्हातारा झालाय, पायरीवर पुढचे पाय ठेवून थांबतो आणि मी मागून उचलतो. त्याला बाहेर जायचं असलं की तो मला बघून हलकेच कण्हतो. मी लगेच गाडी बाजूला घेतो, इंजिन बंद करतो आणि तो येईपर्यंत थांबतो. मागून ट्रॅक्टरवाले शिव्या देतात.

वर्षश्राद्धानंतरची गोष्ट आहे. आई गव्हातले खडे निवडत बसली होती. मी चपला घालत होतो. ती सूप खाली ठेवून म्हणाली, तिचा आवाज नेहमीचाच होता, "म्या त्या दिवशी तुला म्हणलं नसतं कुत्र्याची येगळी सोय कर, तर ह्येंच्या डोक्यात ते आलंच नसतं. जागा सोडली आन माणूस खचला. वर मीच त्येंला बोलत हुते, चुलीपाशी बसताय म्हणून. माज्याच तोंडानं केलं म्या."

ती हे किती दिवसांपासून मनात घेऊन होती मला माहीत नाही. मी म्हणालो, तसं काही नाही आई, आणि ट्रे भरायला गेलो.

तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. सीट कुत्र्यानं ओली केली नव्हती इथून सुरुवात करावी लागेल, आणि ती गोष्ट आबांनी तिच्यापासून लपवली होती, माझं खोटं उचलून लपवली होती. त्यांची लाज राखायची म्हणून मी गप्प आहे असं मी स्वतःला सांगत असतो. अर्धा दिवस ते पटतं. मग ती सूप घेऊन बसलेली दिसते, हल्ली ती फार बोलत नाही, आणि कुत्र्याला भाकरी घालताना त्याच्याकडे बघत नाही.

तिला वाचता येत नाही, त्यामुळे हे लिहून झालं म्हणजे तिला सांगून झालं असं होत नाही. आबांनी जागा सोडली नव्हती, ती मी काढली, आणि तिच्या बोलण्यानं काहीच झालेलं नाही, एवढं तिच्यासमोर बसून मला तिला सांगायचं आहे. ती आहे तोवर. अजून सांगितलेलं नाही.